फुटक्या कानांचा इतिहास

घोडबंदर-वरसावे परिसराचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाला प्रथम किल्ला दिसतो. पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. त्यानंतर दिसतो तो पूल. खाडीवरील जुन्या पुलाला २०१३ साली तडा गेला तेव्हा कित्येक महिने अवजड वाहतूक अडली, अभियंते आले, तडा मोजला गेला, वर्तमानपत्रांतून त्याची वर्णने छापून आली. २०२३ साली शेजारी नवा पूल वाहता झाला. किल्ला आणि पूल यांच्या मधल्या डोंगरउतारावर वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. ते किल्ल्याच्या इतिहासात नाहीत आणि पुलाच्या बातमीतही नाहीत. वरसाव्याचे नावसुद्धा धड उच्चारले जात नाही. महामार्गाच्या भाषेत त्याचे ‘वर्सोवा’ होते आणि अंधेरीकडचा माणूस गोंधळात पडतो.

प्रस्तुत लेख त्या पाड्यांतील लहान मुलांच्या कानांविषयी आहे. विषय सांगितल्यावर माझ्या एका सहकाऱ्याने विचारले, ‘हा इतिहास कसा? हा तर डॉक्टरांचा विषय.’ मलाही दोन वर्षांपूर्वी तसेच वाटले असते. मग जे घडले ते सांगणे भाग आहे, कारण त्यात माझा गुन्हा आहे.

मी पदवी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वरसाव्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा एक विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. एकदा मी त्याला उभे करून विचारले, ‘सत्यशोधक समाजाची स्थापना कोणी केली?’ त्याने उत्तर दिले, ‘हो सर.’ वर्ग हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, ‘कान घरी ठेवून आलास काय?’ तो खाली बसला. फुल्यांचे नाव शिकवता शिकवता मी एका आदिवासी मुलाला भर वर्गात खाली बसवले, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आले नाही. सहामाही परीक्षेत देखरेख करताना त्याच्या बाकाजवळून गेलो तेव्हा त्याच्या उजव्या कानात कापूस दिसला आणि तो वास आला. परीक्षेनंतर त्याला थांबवून विचारले. ‘लहानपणापासून वाहतो, सर.’ आणि दुसरा? ‘तो पण वाहायचा. आता सुकला. पण त्याला कमी येतं.’

तो वास मला ओळखता यायला हवा होता. माझे आईबाप बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर आम्ही कोपीत राहायला जायचो. चुलीचा धूर, पहाटेचे दव, सहा माणसे एका कोपीत. माझा डावा कान पाचव्या-सहाव्या वर्षापासून फुटलेला होता. माय त्यात लसणीचे कोमट तेल घालायची, शेजारीण आणखी कशाकशाचा रस सांगायची. तो कान पुढे आपोआप सुकला. आजही मी माणसाकडे उजवी बाजू करून बोलतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पदवी मिळाली आणि नाक मात्र विसरले, असेच म्हणावे लागेल.

आता हे दुखणे काय आहे ते थोडक्यात पाहू, कारण त्याशिवाय पुढील विवेचन कळणार नाही. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते. तान्ह्या मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. त्यामुळे सर्दीपडशातील जंतू घशातून सहज कानात चढतात. मध्यकर्णात पाणी साचते, पुढे पू होतो, पडदा ताणला जातो आणि फुटतो. पू बाहेर पडला की ठणका थांबतो. म्हणून घरच्यांना वाटते, बरे झाले. वस्तुतः तेथून खरे दुखणे सुरू होते. योग्य औषध मिळाले, कान कोरडा राहिला, तर पडद्याचे भोक बुजते. मूल त्याच धुरात, त्याच गर्दीच्या झोपडीत, त्याच अर्धपोटी अवस्थेत राहिले, दर पंधरवड्याला पुन्हा सर्दी झाली, तर भोक राहते आणि कान वर्षानुवर्षे वाहतो. उपचार काही गहन नाही: कापसाची वात करून दिवसातून काही वेळा कान पुसून कोरडा करणे आणि जंतुनाशक थेंब घालणे. मोठे भोक असेल तर शस्त्रक्रियेने पडदा बसवता येतो. तेल मात्र घालू नये. हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनीही लक्षात ठेवावे.

अशा कानाला ऐकू येतच नाही असे नसते. गाडीचा भोंगा ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, आईने रागावून मारलेली हाक ऐकू येते. जाते ते हळू आणि बारीक. स्वर येतात, व्यंजने गळतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हे आवाज वाऱ्यासारखे असतात; ते आधी जातात. मूल बोलणे शिकते ते वयाच्या पहिल्या तीन वर्षांत, आणि कान फुटण्याचे वयही तेच. त्यातून हे ऐकू येणे रोज बदलते. सर्दी असली की कमी, उन्हाळ्यात बरे. म्हणून आई म्हणते, ‘त्याला ऐकू येतं, पण ऐकत नाही.’ शिक्षक म्हणतात, ‘लक्ष नाही.’ वारली घरातील मूल जेव्हा पहिलीत येते तेव्हा आधीच शाळेची मराठी त्याची घरची बोली नसते. न कळलेला शब्द ओळखीच्या शब्दांवरून ताडून घेण्याची सोय, जी आपल्या मुलांना असते, ती त्याला नसते. भाषा परकी आणि कान अर्धा. मग शेरा पडतो: मंद.

माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. कानाचा इतिहास असतो काय? या देशात तरी असतो. गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात काय ओतावे हे सांगितले आहे. आपण भाषणांतून ‘शिसे’ म्हणतो. मुळातले शब्द त्रपु आणि जतु असे आहेत, म्हणजे कथील आणि लाख. इतिहासाच्या शिक्षकाने एवढी दुरुस्ती करावी. शिक्षेत त्यामुळे काही सौम्यता येत नाही. हे वचन कोठल्या तरी कोपऱ्यात पडून राहिले नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शूद्राचा अधिकार नाकारताना त्याचा आधार घेतला. ही शिक्षा प्रत्यक्ष किती जणांना दिली गेली, यावर पंडित वाद घालतात. मला त्या वादात फारसा रस नाही. महत्त्वाचे हे की शास्त्राने कानाला ज्ञानाचा दरवाजा मानले आणि तो दरवाजा कोणासाठी उघडा आणि कोणासाठी बुजवायचा हे ठरवले.

आणि ज्याचा कान जन्मतःच बंद, त्याचे काय? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा न मिळणाऱ्यांची यादी आहे. त्यात नपुंसक, पतित, जन्मांध यांच्या सोबत बहिरा आहे. म्हणजे खालच्याने ऐकले तर कान बुजवा, आणि वरच्याला ऐकू आले नाही तर त्याची जमीन काढून घ्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, हिंदू वारसातील अपात्रता दूर करणारा कायदा मध्यवर्ती कायदेमंडळाने केला आणि बहिऱ्याला वाटा मिळू लागला. या दोन घटनांचा कार्यकारण संबंध मी जोडीत नाही. पण एक विचारतो: ज्याच्या बापाला जमीनच नव्हती त्या बहिऱ्या वारल्याला या कायद्याने काय दिले? आपल्याकडील सुधारणांचे हे नेहमीचे आहे. त्या मालमत्तेपासून सुरू होतात.

सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले, त्यात वाहणारा कान आहे, दुर्गंधी येणारा कान आहे. तेव्हा हे दुखणे आपल्या पूर्वजांना माहीत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न आहे तो मोजदादीचा. रोग मोजले, रोगी नाही.

रोगी मोजण्याची सुरुवात इंग्रजांनी केली. १८७२ ते १९३१ या जनगणनांत वेडे, मूकबधिर, आंधळे आणि महारोगी असे चार रकाने असत. कारण सरकारला दयेचा पाझर फुटला होता असे नव्हे. प्रजेतील निरुपयोगी किती, हा हिशेब त्यात होता. १८८१ पासून मूकबधिर म्हणजे जन्मापासूनचा मूकबधिर, असा दंडक झाला. जनगणनेचा माणूस पाड्यावर गेला असेल तर त्याने विचारले असेल: जन्मापासून मुका-बहिरा कोणी आहे काय? घरातील म्हाताऱ्याने नाही म्हटले असेल. शेजारी मूल कानातून पू गाळत उभे असेल, पण ते जन्मापासूनचे नव्हते. दुसऱ्या पावसाळ्यापासूनचे होते. जो बहिरेपणा नशिबाने येतो तो रकान्यात आला. जो चुलीच्या धुरातून, उपासातून, गर्दीतून येतो तो आला नाही. हा भेद माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. नशिबाची नोंद केली तर कोणाला जबाब द्यावा लागत नाही.

याच काळात, १८८० च्या दशकात, मुंबईत माझगावला कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नाने मूकबधिरांची शाळा निघाली. देशातील ती पहिली म्हणून सांगितली जाते. १८९३ साली कलकत्त्यात दुसरी निघाली. त्यांचे काम मोठे आहे. पण त्या शाळा पूर्ण बहिऱ्यांच्या होत्या आणि शहरात होत्या. अर्ध्या कानाच्या मुलाला तेथे जागा नव्हती आणि गावच्या शाळेतही नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, तेव्हा शाळेचे दार उघडण्याचा प्रश्न होता. दारातून आत गेलेल्या मुलाला फळ्याजवळचे बोलणे ऐकू येते काय, हा प्रश्न त्यानंतरच्या पिढ्यांचा. तो आपण विचारला नाही.

१९३१ नंतर जनगणनेने हे रकानेच काढून टाकले. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते म्हणून त्या जनगणनेत पुन्हा मोजणी झाली, ती तीन प्रकारांची: पूर्ण आंधळे, पूर्ण पंगू, पूर्ण मुके. मुका मोजला, बहिरा नाही! १९९१ ला पुन्हा काही नाही. २००१ साली ऐकण्याचा स्वतंत्र रकाना आला. त्याच सुमारास, २००२ साली, राष्ट्रीय नमुना पाहणीने तीव्र आणि अतितीव्र श्रवणदोष लाखात २९१ माणसांना असल्याचे नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मात्र भारतात लक्षणीय श्रवणदोष असलेली माणसे ६ कोटी ३० लाख, म्हणजे शेकडा ६.३; लाखात ६३००. दोन्ही आकडे बधिरत्व प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदपत्रांत एकमेकांशेजारी बसलेले आहेत. २९१ आणि ६३०० यांच्या मधली माणसे कोण? म्हातारे आहेत, कारखान्यातील आवाजाने गेलेले कान आहेत, आणि फुटक्या कानांची मुले आहेत.

त्या मुलाला घेऊन मी एका सरकारी रुग्णालयात गेलो. तीन खेपा झाल्या, यंत्र बंद होते म्हणून एक वाया गेली. अखेर बंद खोलीत बसवून त्याची श्रवणचाचणी झाली. तेथल्या बाई भल्या होत्या; त्यांनी आलेख समजावून सांगितला. दोन्ही कान अधू, पण आकडा साठ डेसिबलच्या खाली राहिला. ‘प्रमाणपत्र बसत नाही,’ त्या म्हणाल्या. मुलाने मला विचारले, ‘म्हणजे मला ऐकू येतं का, सर?’ मला उत्तर देता आले नाही.

हा साठचा आकडा कोठून आला हे पाहण्यासारखे आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात श्रवणदोषाची व्याख्या चांगल्या कानात ६० डेसिबल किंवा अधिक हानी अशी होती. २०१६ च्या कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल हानी असलेल्याला बधिर आणि ६० ते ७० वाल्याला कमी ऐकू येणारा म्हटले. खालची रेषा साठावरच ठेवली. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते, कुजबूज तीसची. आता वाहत्या कानाचे गणित पाहा. यात आतील मज्जातंतू शाबूत असतो. आवाज आत पोचवणारा पडदा आणि हाडांची साखळी बिघडलेली असते. अशा बिघाडाने होणारी हानी बहुधा २० ते ५० डेसिबलची असते आणि साठापलीकडे ती क्वचितच जाते. म्हणजे जेथे हे दुखणे साधारणतः संपते, तेथून कायद्याची रेषा सुरू होते. कोणी मुद्दाम असे केले असे मी म्हणत नाही. कायदा करणाऱ्यांसमोर कोणते बहिरे होते आणि कोणते नव्हते, एवढेच त्यातून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक वर्षे मुलांच्या बाबतीत चांगल्या कानातील ३० डेसिबलपलीकडची हानीच अपंगत्व आणणारी मानली होती, कारण मूल अजून भाषा शिकत असते. मोठ्या माणसाने गमावलेला शब्द तो अंदाजाने भरून काढतो. मुलाजवळ भरण्यासाठी शब्दच नसतो.

जगात दुसरीकडे काय झाले? २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने वाहत्या कानांसंबंधी एक अहवाल काढला. शेकडा ४ हून अधिक लोकांत हे दुखणे असेल तर तो तातडीने हाताळण्याचा मोठा सार्वजनिक आरोग्यप्रश्न समजावा, असे त्यात म्हटले आहे, आणि त्या वरच्या गटात नावे आहेत ती अशी: टांझानिया, भारत, सॉलोमन बेटे, ग्वाम, ग्रीनलँड आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासी. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. ऑस्ट्रेलिया देश त्या यादीत नाही, फक्त तेथले आदिवासी आहेत. भारत मात्र अख्खा आहे. तेथे गोऱ्यांचे कान आणि आदिवासींचे कान वेगळे मोजले गेले म्हणून अन्याय उघडा पडला. आपल्याकडे सर्वांचे कान एका आकड्यात घातले की वरसाव्याचा पाडा आणि मलबार हिल यांची सरासरी निघते.

ऑस्ट्रेलियात २००१ साली उत्तर आणि मध्य भागातील २९ दूरच्या वस्त्यांतून सहा ते तीस महिन्यांच्या ७०९ आदिवासी मुलांचे कान तपासले गेले. शेकडा ९१ मुलांच्या कानात काही ना काही दुखणे सापडले. तेथे हे दुखणे जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते, असे संशोधकांना आढळले आहे. कारणे? घरात माणसांची दाटी, पाण्याची वाण, धूर, कुपोषण. यात आपल्याला अनोळखी काय आहे? २०१० साली तेथल्या संसदेच्या समितीने देशातील श्रवण-आरोग्याची चौकशी करून अहवाल दिला, आणि त्यानंतर डार्विन व ॲलिस स्प्रिंग्ज येथील तुरुंगांतील आदिवासी कैद्यांचे कान तपासले तेव्हा नव्वदहून अधिक टक्के कैद्यांना लक्षणीय श्रवणदोष निघाला. पोलिसाने सांगितलेले ऐकू आले नाही, तो उर्मट ठरला. न्यायाधीशाचा प्रश्न समजला नाही, मान हलवली, तो कबुलीजबाब ठरला. हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. ‘हो सर.’

एक काळ असा होता की आदिवासींच्या कानांची कारणे त्यांच्या कवटीच्या ठेवणीत आणि रक्तात शोधली जात. वंशाचा दोष म्हटले की राज्यकर्त्याचा दोष उरत नाही. आपल्याला ही युक्ती नवी नाही. कॅनडाच्या उत्तरेत एस्किमो म्हटल्या जाणाऱ्या इनुइट लोकांमध्ये काम करणारे डॉक्टर ऑटो शेफर यांनी १९७१ साली दाखवून दिले की अंगावर पिणाऱ्या मुलांपेक्षा बाटलीवर वाढलेल्या मुलांत जुनाट कर्णरोग अधिक होता. म्हणजे दुखणे रक्तातले नव्हते; जगण्याची रीत मोडली गेली, वसाहतीतले दुकान आणि बाटली आली, त्याबरोबर ते वाढले. आमच्या पाड्यांवर आई मुलाला बराच काळ अंगावर पाजते, ही जमेची बाजू. पण दिवाळीनंतर ती वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. भट्टीचा धूर, मातीची धूळ, पोत्याच्या आडोशातली थंडी. ऊसतोडीची कोपी आणि वीटभट्टीची झोपडी यांत मला तरी फरक दिसला नाही.

आणि आदिवासीच्या बाबतीत कान जाणे म्हणजे काय जाणे, हेही पाहिले पाहिजे. लिहिणाऱ्या समाजात बहिऱ्याला पुस्तक असते. वारली समाजाचे पुस्तक कानात आहे. लग्नात धवलेरी गाते ते गाणे कोठे लिहिलेले नसते. ते ऐकून ऐकून पुढच्या बाईकडे येते. तारपा कधी चाल बदलतो ते कानाने कळते आणि मग पाय वळतात. राजकारणही याच वाटेने आले. १९३७ साली मुंबई सरकारने सायमिंग्टन या अधिकाऱ्याला आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमले. त्याच्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील कर्ज आणि वेठ यांची नोंद आहे. अहवाल इंग्रजीत होता, दप्तरात गेला. १९४५ च्या मे महिन्यात झरीला परिषद झाली आणि वेठ देणार नाही हा शब्द पाड्यापाड्यावर गेला तो छापील पत्रकातून नव्हे, तोंडातून कानात. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोदावरी परुळेकर येणार असा निरोप पसरला, हजारो वारली जमले, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. त्या माणसांचे कान शाबूत होते म्हणून लाल बावट्याची हाक त्यांच्यापर्यंत पोचली. असे लिहिताना थोडे धाडस होते, पण ज्याला लिपी दिली नाही त्याचा कानही जाऊ देणे ही गोष्ट साधी नव्हे.

येथे आपल्या चळवळीविषयीही एक शब्द. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातील ‘दलित’ शब्दाच्या व्याख्येत अनुसूचित जमाती होत्या. आपल्या कविता-आत्मकथनांत, आपल्या परिसंवादांत त्या किती आल्या? आपण गावकुसाबाहेरचे दुःख लिहिले, रानातले आदिवासींनी लिहावे म्हणून वाट पाहिली. त्यांच्यातून लिहिणारा येण्यासाठी आधी त्याला बालवाडीत अक्षराचा आवाज ऐकू यावा लागतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. १९८३ साली वांद्र्याला श्रवणदोषाची राष्ट्रीय संस्था, अली यावर जंग संस्था, उभी राहिली. वरसाव्याहून ती फार दूर नाही. १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुले मेली, देशभर गवगवा झाला आणि तेव्हापासून आदिवासी मुलाचे वजन हा सरकारच्या काळजीचा विषय झाला. अंगणवाडीत तराजू आहे. मेलेले मूल मोजले जाते, मरू घातलेले मोजले जाते. जगलेल्या मुलाचे काय झाले याला तराजू नाही. २००७ च्या सुमारास बधिरत्व प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो आरंभी देशातील २५ जिल्ह्यांपुरता. मग ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ झाला, आणि तो कोठे? पालघरला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. त्या कार्यक्रमाच्या आरंभीच्या तीस दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, श्रवणदोष आहे, आणि प्रथमच, स्पष्ट शब्दांत, मध्यकर्णाचा दाहही आहे. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडी आणि एकदा शाळा तपासावी असा नियम आहे. १८८१ च्या रकान्यानंतर १३२ वर्षांनी वाहता कान सरकारी कागदावर आला, तो आपल्याच जिल्ह्यात.

नियम चांगला आहे. पण पथक येते तेव्हा मूल कोठे असते? दिवाळीपासून पावसापर्यंत ते भट्टीवर असते. पावसाळ्यात परत येते तेव्हा कान भरलेला असतो आणि शाळा नुकती सुरू झालेली असते. लसीचेही असेच. न्यूमोकोकल जंतूवरील लस, जिच्याने हे दुखणे काही प्रमाणात टळते, ऑस्ट्रेलियाने आपल्या आदिवासी मुलांना २००१ पासून सरकारी खर्चाने देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ साली देशभर आली. लसीने तेथला प्रश्न सुटला नाही, हेही सांगितले पाहिजे. घर तेच राहिले, तर कान फार बदलत नाही.

गेल्या श्रावणात मी त्या विद्यार्थ्याच्या पाड्यावर गेलो. महामार्गावरून वळल्यावर दहा मिनिटांची चढण. खाली कंटेनरच्या रांगा गुरगुरत होत्या. त्या आवाजात चांगल्या कानाच्या माणसालाही शेजारच्याचे बोलणे कळणार नाही. त्याच्या आईने काळा चहा केला. त्याच्या धाकट्या बहिणीचा, चार वर्षांच्या, कान वाहत होता. मी वात कशी करायची ते दाखवले; आईने ती माझ्यापेक्षा नीट केली. तेलाची बाटली तिने उचलून फळीवर मागे सरकवली, माझ्याकडे न बघता.

मग आम्ही अंगणवाडीत गेलो. मी सेविकाताईंना विचारले, बाई, मुलांच्या कानांची काही नोंद असते काय? त्यांनी रजिस्टर पुढे केले. नाव, जन्मतारीख, वजन, उंची, दंडाचा घेर, लस. कानाचा रकाना नव्हता. मी पान उलटणार तेवढ्यात समासाकडे लक्ष गेले. काही नावांपुढे शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘का. वा.’ मी विचारले, हे काय? त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, ‘कान वाहतो. तपासायला साहेब आले की खोडून टाकते, सर. रजिस्टर खराब केलं म्हणतात.’

मी त्यांना विचारून ते पान वहीत उतरवून घेतले. मुलांची नावे गाळून, फक्त वय आणि ‘का. वा.’ उतरवले. विद्यार्थी माझ्या उजव्या बाजूला उभा राहून वाचून दाखवत होता, मोठ्याने, सावकाश, आणि मी लिहीत होतो.